निम्म्यांनी धरा, निम्म्यांनी सोडा

परशा,

काल कॉलेजात तुझी शोकसभा झाली आणि मी माइकवर धडधडीत खोटं बोललो. "परशुराम सर अजातशत्रू होते," असं म्हणालो. समोर बसलेल्यांतल्या निम्म्या लोकांशी तू कधी ना कधी भांडलेला होतास. गणिताच्या सरांची स्कूटर तू लांब उडीच्या खड्ड्यात चाकं बुडेपर्यंत पुरली होतीस, कारण ते ती रोज तिथंच आणून लावायचे. पण सगळ्यांनी माना डोलावल्या. गणिताच्या सरांनी तर डोळेसुद्धा पुसले.

मग प्राचार्य उठले. "परशुराम सरांनी आजाराशी शर्थीची झुंज दिली, पण अखेर काळापुढे कुणाचं चालत नाही," वगैरे. तिथं माझं डोकं फिरलं. झुंज कुठली? झुंज मी देत होतो. तुझा भाऊ दामू देत होता. तुझी बायको, आमच्या जयूवहिनी, त्या तर रोज देत होत्या. तू काय केलंस? गळ्यातून नळी घालून घ्यायला नाही म्हणालास आणि दारात आलेली अँब्युलन्स परत पाठवलीस. मी पुन्हा माइक ओढला आणि लोकांना सांगायला लागलो की श्वासपटल हा हातापायांच्या स्नायूंच्याच जातीचा आहे, हृदयासारखा तो आपला आपण धडधडत नाही, त्याला प्रत्येक श्वासाला मेंदूकडून हुकूम यावा लागतो, हुकूम नेणाऱ्या नसा मेल्या तरी ते काम यंत्र करू शकतं, आणि यंत्र लावलं असतं तर... एवढ्यात शिपायानं माइक बंद केला. शोकसभेत स्नायुसंस्था शिकवणारा या भागातला पहिला मास्तर मीच असणार. तू असतास तर खिडकीत उभा राहून शिट्टी मारली असतीस.

खिडकीतच तर भेटलो होतो आपण. मी कराडकडून बोईसरला जीवशास्त्र शिकवायला नवा आलेलो. अकरावीचा वर्ग, धडा स्नायूंच्या आकुंचनाचा, आणि माझ्या हातात सायकलच्या ट्यूबचा कापलेला लांबलचक पट्टा. एक टोक खिडकीच्या गजाला अडकवून दुसरं ताणत मी फळ्यापर्यंत गेलो. "बघा, स्नायू असा ताणला जातो..." एवढंच बोललो आणि गजावरचं टोक सुटून थेट माझ्या नाकावर बसलं. वर्ग खिंकाळला. रक्त शर्टावर. तू मैदानावर पोरं पळवत होतास, तो खिडकीशी येऊन म्हणालास, "मास्तर, आखडला का?"

आत येऊन तू माझं नाक चिमटीत धरलंस आणि मान पुढे वाकवलीस. माझ्या पंचविशीचा आख्खा रुबाब त्या चिमटीत गेला. "कुठचा?" "कराडकडचा." "घाटी. मग बरोबर हाय." एवढ्यावर तू मला घाटी म्हणायला लागलास ते शेवटपर्यंत. मी तुला परशा म्हणायला लागलो. तू मुरब्याचा, समुद्रावर वाढलेला, क्रीडाशिक्षक. मी पोहता न येणारा, बोंबील बघून नाक मुरडणारा, शाकाहारी पुस्तकी किडा. कुणी ज्योतिषाला पत्रिका दाखवल्या असत्या तर त्यानं दक्षिणा परत केली असती.

रबरानं फोडलेलं नाक बरं झाल्यावर मला दोराचं सुचलं. तुझ्या खोलीत रस्सीखेचचा जाडजूड दोर असायचा. स्नायूची रचना दाखवायला त्याच्यासारखं दुसरं काही नव्हतं. दोरात पेड, पेडात सुतं, सुतात तंतू. स्नायूतही बाहेरून एक वेष्टण, आत जुडगे, प्रत्येक जुडग्यात केसापेक्षाही बारीक तंतू, आणि एकेक तंतू म्हणजे एक लांबच लांब पेशी. त्या पेशीत पुन्हा सूक्ष्म दोऱ्या, आणि त्या दोऱ्यांत एकाआड एक बसवलेले जाड धागे आणि बारीक धागे. फरक एवढाच की दोराला पीळ असतो आणि स्नायूतले तंतू सरळ एकमेकांना लागून असतात. हे सगळं मी वर्गात उत्तम समजावलं. समजावताना दोराचं टोक हातभर उसवून ठेवलं. दुसऱ्या दिवशी तुझ्या पोरींचा तालुक्याचा सामना होता.

"घाटी," तू स्टाफरूमच्या दारात उभा राहून शांतपणे विचारलंस, "तुझ्या घरी बायको लुगडं नेसायला घेते तेव्हा तू ते उसवून बघतोस का?"

आणि तरी पुढच्या वर्षी तूच मला मुरब्याच्या किनाऱ्यावर घेऊन गेलास. खरं तर मी तुला नेलं. माझ्या डोक्यात आलं होतं की पोरांकडूनच आख्खा स्नायू उभा करायचा. तू म्हणालास, होडी वर ओढतात ते दाखवू पोरांना. मी म्हणालो, होडी नको, मला दोन्हीकडून मध्ये ओढलेलं हवं. कारण स्नायूत तसंच असतं. मधल्या जाड धाग्याला दोन्ही बाजूंनी बारीक मुंडकी असतात, हातांसारखी. ती दोन्हीकडचे बारीक धागे पकडून मधे खेचतात. धागा कुठलाच आखूड होत नाही, एकावर एक सरकतात फक्त, आणि दोन्ही टोकं जवळ येतात. झालं आकुंचन. पोरं पाठीला पाठ लावून मधे उभी केली, निम्म्यांच्या हातात या बाजूचा दोर, निम्म्यांच्या त्या बाजूचा. आता दोरांची दुसरी टोकं बांधायची कशाला? वाळूवर बांबूच्या दोन उंच चौकटी होत्या, जवळजवळ समोरासमोर. मी टोकं त्यांना बांधली. त्यांच्यावर तुझ्या काकीचे बोंबील वाळत होते, हे मला दिसलं होतं. बोंबील हलके असतात, असा मी विचार केला.

पोरांनी ओढलं. बांबू दोन्हीकडून आत वाकले, धनुष्यासारखे. माझं पुस्तकातल्या आकृतीतलं आकुंचन डोळ्यांसमोर घडत होतं. तू मागून ओरडलास, "आता एकदम सोडू नका. निम्म्यांनी धरा, निम्म्यांनी सोडा." होडी ओढताना तुम्ही तेच म्हणता. निम्मे हात दोर धरून ठेवतात तेव्हा निम्मे पुढची पकड घेतात, नाहीतर होडी घसरून समुद्रात. पण मला धडा संपवायचा होता. स्नायू शिथिल होतो म्हणजे काय ते दाखवायचं होतं. मी कर्णा तोंडाला लावला आणि म्हणालो, "सोडा."

पोरं शिस्तीची. सगळ्यांनी सोडलं.

बोंबील इतके उंच जाताना मुरब्यानं त्याआधी पाहिले नसतील. काही वाळूत पडले, काही पोरांच्या डोक्यावर, एक प्राचार्यांच्या पुतणीच्या वेणीत अडकला. काकी झोपडीतून बाहेर आल्या, कमरेवर हात ठेवून आधी माझ्याकडं, मग आभाळाकडं बघत राहिल्या.

"ए मास्तर, जिता व्हता तवा नाय उडला तो. मेल्यावर उडवलास?"

"काकी, मी शास्त्र..."

"शास्त्र ठेव तुजं. आदी बोंबील उचल."

उरलेली दुपार आपण दोघं बोंबील वेचत, वाळू झटकत, पुन्हा टांगत होतो. एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवून जोडी दोरीवर टाकायची असते. त्यांचे दात बारीक, आत वळलेले. एकदा अडकले की अडकले. माझी बोटं रक्ताळली, आणि तिथं, त्या वासात, आपला खरा वाद सुरू झाला. तू म्हणालास, "बघ, धरायला तीस पोरं लागली. सोडायला तुझा एक शब्द. ताकद लागते ती धरायला. सोडायला काय लागतंय?"

मी बोंबील तुझ्या नाकापुढं नाचवला. म्हटलं, बरोबर उलट आहे. तू खेळाचा मास्तर आणि तुला एवढं माहीत नाही? त्या मुंडक्यांची पकड एकदा बसली की ती आपली आपण खेचतात आणि तशीच चिकटून राहतात. त्यांना सोडवायला इंधन लागतं. पेशीतलं इंधन मुंडक्याला येऊन लागतं तेव्हाच ते सुटतं, पुन्हा ताठ होतं, पुढं पकडतं. इंधन संपलं की सुटताच येत नाही. काकी ताजा मासा कसा ओळखतात? ताठ आहे का बघतात ना? तो ताठ का असतो? मेला, इंधन संपलं, सोडायची ताकद गेली, म्हणून.

"मग नंतर मऊ पडतो तो?"

"ते सोडणं नाही. ते सडणं."

तू हातातली जोडी दोरीवर टाकलीस. मग म्हणालास, "घाटी, पुस्तकात काय पण छापतात," आणि त्यानंतर वर्षानुवर्षं तू तो वाद उकरून काढत राहिलास. तुझी पोरं सामना हरली की डबा खायला बसल्याबसल्या मला ऐकवायचास, "आज पोरांनी फार ताकद लावली. सोडायला." मी पोळी बाजूला ठेवून पुन्हा सगळं पहिल्यापासून सांगायचो. तू शेवटपर्यंत मान्य केलं नाहीस. आणि जेव्हा केलंस, तेव्हा कशासाठी केलंस, हेच मला सहन होत नाही.

आधी आजाराचं बोलतो. तिथंही माझा राग आहेच, सुट्टी नाही.

तुझा उजवा अंगठा गेला तेव्हा तू कुणाला सांगितलं नाहीस. स्टॉपवॉच डाव्या हातात घ्यायला लागलास. शिट्टी गळ्यात न ठेवता तोंडातच धरायला लागलास. मी विचारलं तर, "वय झालं." मग एकदा तू बाह्या वर करून बसला होतास आणि तुझ्या दंडाच्या कातडीखाली काहीतरी थरथरत होतं, उथळ पाण्यात मासोळ्या फिराव्यात तसं. तू हात हलवत नव्हतास. तो आपला आपण हलत होता. मी म्हटलं, डॉक्टरकडे चल. तू वाणगावला कुणा मालिशवाल्याकडे गेलास. मग कुणी अंडी सांगितली, कुणी लेप, कुणी नवस. बोईसरच्या डॉक्टरनं मानेच्या मणक्याचं सांगितलं. मुंबईतल्या मोठ्या डॉक्टरनं स्नायूंना हुकूम नेणाऱ्या नसाच मरतायत असं सांगून खरं नाव उच्चारलं तोवर तुला भाताचा घास तोंडापर्यंत नेता येत नव्हता.

त्या रोगाचा एक धडा आहे, परशा, आणि तो मला पाठ होता, म्हणून जास्त चीड येते. मज्जारज्जूतून निघालेली एकेक नस स्नायूतल्या अनेक तंतूंना सांभाळते. ती मेली की तिचे तंतू अनाथ होतात. मग शेजारची नस नवे फाटे फोडते आणि त्या अनाथांना पोटाशी घेते. माणूस तसाच चालतो, पोरं पळवतो, कुणाला काही कळत नाही. कळतं तोपर्यंत शेजारणीच थकून मरायला लागलेल्या असतात. म्हणजे तुझ्या शरीरानंही तुझ्यासारखंच केलं. झाकलं. तुझ्या नसासुद्धा मुरब्याच्याच, कुणाला सांगायच्या नाहीत, आपसांत वाटून घ्यायच्या.

पुढं मुरब्यानं तेच केलं. तुला उचलायला, कूस बदलायला, भरवायला कुणी कुणाला बोलावलं नाही, पाळ्या आपोआप पडल्या. सकाळ दामूची, तो होडीवरून आला की अंगावरच्या खारट कपड्यांनिशी आधी तुझ्याकडं. दुपारी शेजारच्या बायका. कॉलेज सुटलं की मी. वहिनी कायमच्या. एक उठायचा तो दुसरा बसल्यावरच. एकदम कुणी सोडलं नाही. मुखवट्यातून श्वास देणारं यंत्र घरी आणलं तेव्हा मी आठ पानी माहितीपत्रक वाचून मुखवटा तुला उलटा बसवला. हवा नाकाऐवजी डोळ्यांत. तुझे डोळे अजून शाबूत होते. या रोगात डोळे फिरवणारे स्नायू बहुधा शेवटपर्यंत वाचतात. त्या डोळ्यांनी तू माझ्याकडं असं बघितलंस की वहिनी तोंडाला पदर लावून स्वयंपाकघरात पळाल्या. त्या हसत होत्या. त्या घरात मी फारसा कामाला आलो नाही, पण तेवढा आलो.

मग तुझ्या छातीत कफ साठला. खोकायलासुद्धा स्नायू लागतात, आणि तुझे उरले नव्हते. डॉक्टरांनी सरळ सांगितलं होतं, आता मुखवट्यानं भागणार नाही, गळ्याला भोक पाडून नळी आणि मोठं यंत्र. मी धावपळ केली. मुंबईत खाट मिळवली. अँब्युलन्स ठरवली. चिल्हार फाट्यावर वाहतूक तुंबते म्हणून ओळखीच्या हवालदाराला फोन केला. गाडी भर दुपारी तुझ्या अंगणात येऊन उभी राहिली आणि मी विजयी वीरासारखा पुढं बसून आलो.

आत तू ओटीवर खाटेवर होतास. दामू उशाशी. वहिनी पायाशी. कुणी बॅग भरली नव्हती. मला तिथंच कळायला हवं होतं, पण मी वहिनींना म्हणालो, "चला चला, जुने रिपोर्ट घ्या." कुणी हललं नाही. तू ओठ हलवलेस. तुझे शब्द तोवर इतके सैल झाले होते की मला एकही लागत नव्हता. जयूवहिनींना लागत होते. त्या खाली वाकल्या आणि तू बोललास ते एकेक करून मला सांगू लागल्या. तुझ्याच तोंडचे शब्द, जसेच्या तसे.

"मला नळी नको."

"परशा, वेडेपणा करू नकोस," मी म्हणालो.

तू पुन्हा बोललास. वहिनींनी ऐकलं आणि सांगितलं.

"तूच शिकवलंस. सोडायला ताकद लागते."

तुझे ओठ पुन्हा हलले.

"माझ्यात थोडी हाय अजून. संपली की सोडता येणार नाय. मग यंत्र धरून ठेवील."

त्या बाईनं हे वाक्य उच्चारलं, परशा. आवाज जरासुद्धा न हलू देता. तू तिला ते उच्चारायला लावलंस. मला सांगायचं होतं तर दामूकरवी सांगायचंस. तिच्याकरवी का? आणि त्याहून राग याचा, की त्या तिघांनाही माहीत होतं. तू आधीच बोलला होतास, दामूशी, तिच्याशी, डॉक्टरांशी. मला सगळ्यांत शेवटी. कारण मी वाद घातला असता. बरोबर, घातला असता. काकींचे बोंबील आणि आख्खं शास्त्र घेऊन घातला असता. म्हटलं असतं, मी पेशीतल्या मुंडक्यांबद्दल बोलत होतो रे गाढवा, माणसाबद्दल नाही. पुस्तकातलं वाक्य असं घरी नेऊन वापरायचं नसतं. माझं एक वाक्य तू आयुष्यभर खोटं म्हणत राहिलास आणि नेमकं एकदाच खरं मानलंस, तेही माझ्याविरुद्ध.

बाहेरून ड्रायव्हरनं हाक मारली, "सर, ले जाना है कि नहीं? फिर हायवे पे टाइम लगेगा."

मी वहिनींकडं बघितलं. त्या तुझे पाय चेपत होत्या. चेपून काही होत नव्हतं, पण चेपत होत्या. मी बाहेर गेलो आणि त्याला म्हणालो, "नहीं." तो म्हणाला, "भगवान जो करे," आणि गाडी मागं घेऊ लागला. त्याला दिशा दाखवता दाखवता मी काकींच्या बोंबलांच्या चौकटीला पाठ टेकवली. काकी आता थकल्यात, पण जीभ तशीच. पायरीवरून म्हणाल्या, "मास्तर, परत नको पाडू." आणि मग जरा वेळानं, "बस हितं. पाणी पी."

आत गेलो तेव्हा तू आणखी काहीतरी म्हणालास. वहिनी हसल्या. "म्हणतात, घाटी, रडू नको, नाक धरायला माझा हात नाय आता."

तू त्याच आठवड्यात गेलास, सकाळी, दामूची पाळी असताना. शांतपणे, असं सगळे म्हणतात. मला फोन आला तेव्हा मी वर्गात हजेरी घेत होतो.

आता जे सांगायला हा एवढा कागद खर्च केला, ते.

तुला नेताना मुरबं, सातपाटी, बोईसर, कुठून कुठून माणसं आली होती. तुझी जुनी रस्सीखेचवाली पोरं, आता केस पांढरे झालेली, कारखान्यांतून सुट्टी टाकून आली होती. खांदा द्यायला सगळे पुढं. वाळूतून चालताना पाय रुततात, तोल जातो, म्हणून खांदे सारखे बदलावे लागत होते. आणि दामू पुढं चालता चालता ओरडत होता, "एकदम कुणी सोडू नका. निम्म्यांनी धरा, निम्म्यांनी सोडा." होडी ओढतानाचाच आवाज. मी पुढच्या उजव्या बांबूला होतो. माझ्या खांद्याचं तुला माहीतच आहे, पिशवी धरली तरी दुखतो. दामूनं माझ्या मागून खांदा घातला, वजन उचलून घेतलं आणि म्हणाला, "सोडा मास्तर. मी हाय खाली."

मला सोडता येईना.

मुद्दाम नाही. मी बोटांना सांगत होतो. हात बांबूभोवती आवळलेला, मनगटापर्यंत दगड. शास्त्राचं सांगायचं तर हा पेटका होता. मेलेल्या माशाचं ताठणं वेगळं आणि पेटका वेगळा. पेटक्यात नसाच वेड्यासारखा हुकूम देत राहतात, थांबत नाहीत. तुला उगाच एक म्हणून दुसरं खपवणार नाही, तू गेलास म्हणून काय झालं. पण हात उलगडेना तो उलगडेना. मी दामूबरोबर तसाच वाळूतून फरफटत चाललो, खांदा त्याचा, हात माझा. मागचा म्हणत होता, "मास्तर, बाजूला व्हा." कसा होणार?

शेवटी दामूनं चालता चालता दुसऱ्या हातानं माझी बोटं उघडली. आधी अंगठा, मग एकेक. बोंबलाच्या जबड्यातून जबडा काढतात तसं, हलक्यानं, दात न मोडता.

मी बाजूला झालो, वाळूत बसलो, आणि तुम्ही सगळे पुढं गेलात.

तेव्हापासून मी या हाताकडं बघतोय. वाद मीच जिंकलो होतो, परशा, मुरब्याच्या वाळूवर, भर लोकांत, पुराव्यानिशी. धरून ठेवायला मला काहीच करावं लागलं नाही. सोडायला माझ्यात ताकद नव्हती, ती दामूची लावावी लागली. तुझ्यात होती. अंगठा उचलायची नव्हती, थुंकी गिळायची नव्हती, ही होती. हे मान्य करायला मला अजून राग येतोय आणि तो जाईल असं वाटत नाही.

पुढच्या आठवड्यात अकरावीला तोच धडा आहे. तुझ्या खोलीतून दोर काढून आणलाय. टोकाला मी उसवलेला आहे तसाच आहे, तू वर सुतळी गुंडाळून घेतली होतीस. मी पोरांना सांगणार, मुंडकी पकडतात, खेचतात, आणि सुटण्यासाठी इंधन लागतं. मग मी सवयीनं खिडकीकडं बघणार.

तिथं उभं राहून एकदा म्हणायचंस ना, पुस्तकात काय पण छापतात.